स्टॉक, स्पेक की मॉडिफाइड? सस्पेन्शनचे नियम बघून रेसिंगचा क्लास निवडताना

गाडीचा पार्ट बनवून घेणं ही कोल्हापुरात अडचणच नाही. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, नमुना दाखवला की लेथवर कॅम्बर प्लेट (चाकाचा उभा कल बदलणारी पट्टी) तयार. शिरोली, गोकुळ शिरगावला कास्टिंगपासून मशिनिंगपर्यंत सगळं मिळतं. त्यामुळे इथला हौशी गडी पहिल्या झटक्यातच मॉडिफाइड क्लासकडे, म्हणजे जास्त बदल चालणाऱ्या गटाकडे, वळतो. पार्ट स्वस्तात होतोय, मग स्टॉकमध्ये, जवळपास कंपनीच्याच गाडीत, कशाला अडकायचं, हा त्याचा हिशेब. मला तो चुकीचा वाटतो. मॉडिफाइडमध्ये खरा पैसा पार्टला लागत नाही, तो बसवल्यावर सेटिंग शोधायला लागतो. त्यासाठी ट्रॅक हवा, टायरचे सेट हवेत आणि रजा हवी. या तिन्ही गोष्टी उद्यमनगरात मिळत नाहीत.

आधी स्टॉक. याचे नियम जगभर थोड्याफार फरकाने सारखेच असतात. अमेरिकेतल्या एससीसीए या क्लबच्या ऑटोक्रॉसमधला (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेक गाडी वेळेवर पळवतात ती स्पर्धा) ‘स्ट्रीट’ गट नमुना म्हणून घ्या. तिथे स्प्रिंग कंपनीचीच हवी, पण शॉकअप बदलता येतात. पुढचा किंवा मागचा, कुठलातरी एकच अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) बदलायची, घालायची किंवा काढायची मुभा आहे. वाचायला हे फारच थोडं वाटतं. पण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि हालचाल किती वेगाने व्हायची ते शॉकअप ठरवतो. वळणात गाडी शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात, ती तिथवर किती पटकन जाणार हे शॉकअपच्या हातात. ऑटोक्रॉसमध्ये शंकूंमधून गाडी सतत डावी-उजवी फिरत असते, एका बाजूला स्थिर कललेली अशी ती फार थोडा वेळ असते. म्हणून तिथे चांगला शॉकअप स्प्रिंगपेक्षा जास्त कामाला येतो. आणि आपल्या स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक वळणात बाहेर पळतं. त्यावर मागचा एक जाड बार पुष्कळ उपाय करतो. एवढ्या दोन गोष्टींत एक मोसम सहज जातो.

मॉडिफाइडकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. ‘मॉडिफाइड’ म्हणजे सगळं मोकळं, असा सरसकट समज असतो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘जे’मध्ये तर उलट लिहिलंय: जे बदल नियमांत स्पष्ट मान्य केलेले नाहीत ते सगळे मनाई. आपल्याकडच्या रॅलीत वर्षानुवर्षे ऐकू येणारा ग्रुप एन याच परिशिष्टातला. त्यात कॉइल स्प्रिंगची लांबी, वेढे, तारेची जाडी तुमच्या मर्जीची, पण कॉइलच्या जागी दुसऱ्या जातीची स्प्रिंग चालत नाही. शॉकअपही मोकळे, मात्र त्यांची संख्या, प्रकार, काम करण्याचं तत्त्व आणि बसवायच्या जागा मूळच्याच हव्यात. ग्रुप ए याच्या एक पायरी वर. तिथे रबरी बुशच्या (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळीच्या) जागी वेगळ्या मटेरियलचा जॉइंट चालतो, पण सांधे ज्या रेषांभोवती फिरतात ते अक्ष हलवता येत नाहीत.

अक्षांची ही अट वाचताना किरकोळ वाटते, पण सगळं तिच्यावर फिरतं. मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग-शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली) गाडी खाली बसवली की लोअर आर्म, चाकाला खालून धरणारे दांडे, आडवे होतात, मग बाहेरची टोकं वर जातात. गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) खाली जातो. म्हणजे दिसायला गाडी जमिनीला चिकटलेली, आणि वळणात कलण्याचा जोर उलट वाढलेला. वरून स्टीअरिंगचा रॉड आणि आर्म यांचा मेळ बिघडतो, खड्ड्यात चाक आपोआप वळतं. हे दुरुस्त करायचं तर बॉल जॉइंट किंवा आर्मची जागा बदलावी लागते, आणि नेमकं तेच नियमाने बंद. मग उरतं काय? गाडी थोडीच खाली घ्यायची आणि त्या मानाने कडक स्प्रिंग टाकायची. कडक स्प्रिंगला तिच्या जोडीचा शॉकअप लागतो. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकून मूळचे शॉकअप ठेवणं हा सगळ्यात वाईट सौदा, कुठल्याही क्लासमध्ये. सस्पेन्शनला खाली-वर हलायची जागा संपून गाडी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडणीवर) आदळते आणि भर वळणात पकड सुटते.

स्पेक क्लासबद्दल थोडक्यात. सगळ्यांना एकच स्प्रिंग, एकच शॉकअप, एकच बार, जसं अमेरिकेतल्या माझदा मियाटा गाड्यांच्या स्पेक मियाटामध्ये. हाताशी उरतं ते उंची, कॅम्बर, टो (चाकांची आत-बाहेर दिशा) असं जुळवण्यापुरतं. आपल्याकडे फॉर्म्युला एलजीबी १३०० याच धाटणीची, सगळ्यांना स्विफ्टचंच इंजिन. फोक्सवॅगनच्या कपमध्ये तर गाड्या कंपनीनेच तयार ठेवलेल्या असायच्या. कोल्हापूरचा रेसर ध्रुव मोहिते तिथूनच पुढे आला. पैसे असतील आणि फक्त गाडी चालवायला शिकायचं असेल तर यापेक्षा सरळ रस्ता नाही. ज्याला पान्यांत हात घालायची हौस आहे, तो मात्र इथे कंटाळेल.

(कार्टिंगला यातलं काहीच नाही. कार्टला सस्पेन्शनच नसतं, चेसिसच पिळवटून ते काम करते. गावात मोहितेंचा ट्रॅक आहे, वीस-बावीसचं वय असेल तर आधी तिथे जा, असंच मी म्हणेन.)

आता गाडी रोजच्या वापराची आहे का, हा प्रश्न. एमएच ०९ पाटीची तीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची असेल तर मॉडिफाइडचा विचार सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कडक बुश आणि उणे कॅम्बर घेऊन गगनबावड्याला पावसाळ्यात जाऊन बघा, कायद्याची गरजही वाटणार नाही. ट्रॅकपुरती वेगळी जुनी गाडी असेल आणि ती ट्रेलरवर चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यायची तयारी असेल, तरच मॉडिफाइडला अर्थ आहे. तेव्हाही पहिल्या वर्षी स्टॉकच्या नियमांत चालवा. सेकंद कुठे जातात ते कळलं की कुठली स्प्रिंग घ्यायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

ऑर्डर देण्याआधी त्या वर्षीची एफएमएससीआयची (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) आणि त्या स्पर्धेची तांत्रिक नियमावली काढा, गेल्या वर्षीची नको. शॉकअपला बाहेरची वेगळी टाकी चालते का, खाली-वर होणारी स्प्रिंग सीट (स्प्रिंगची बैठक) चालते का, बुशला धातू चालतो का, हे तीन प्रश्न आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रिंट स्क्रूटिनीला (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीला) खिशात ठेवा. मिस्त्री ‘सगळे हेच लावतात’ म्हणाला, तर त्याच्याकडूनही नियमाचं कलम मागा.