लॉक-इनमध्येच घर सोडायचंय: बदली भाडेकरू शोधावा की पैसे भरून मोकळं व्हावं?

अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरार), त्यात सहा महिने लॉक-इन (त्याआधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं), आणि नेमकी मधेच बदली होते किंवा दुसरी नोकरी लागते. पुण्यात माझ्यावर ही वेळ दोनदा आली. एकदा वाकडला बदली भाडेकरू शोधून दिला, नंतर कोथरूडला लॉक-इनचं भाडं भरून निघालो. कोणीतरी ह्याच पेचात असेल म्हणून लिहितोय. तिसरा मार्ग म्हणजे कुलूप लावून भाडं भरत राहणं, त्याच्यात काही अर्थ नाही, सोडून देऊ.

वाकडला भाडं १८,००० होतं आणि लॉक-इनचे दोन महिने बाकी, म्हणजे ३६,००० जाणार होते. मालक म्हणाले, "तुम्ही माणूस आणून द्या, मी एक रुपया कापत नाही." ऐकायला इतकं गोड वाटलं की त्याच रात्री फोटो काढून दोन-तीन ठिकाणी जाहिरात टाकली, स्वतःचा नंबर देऊन. ही चूकच होती. फोन एजंटांचेच जास्त, पण तेही चाललं असतं.

खरा वैताग वेगळाच होता. माणसं आणायची मी आणि नाही म्हणायचं मालकांनी. पहिल्या रविवारी हिंजवडीत काम करणारी दोन पोरं आली, घर आवडलं, तर मालक म्हणे बॅचलर नकोत, सोसायटीत कटकट होते. बरं. मग सोलापूरचं एक कुटुंब आलं, वहिनींनी किचनचा नळ पूर्ण सोडून बघितला, ड्राय बाल्कनीत मशीन बसेल का ते चक्क साडीच्या पदराने मोजलं, टोकन द्यायला भाऊंनी फोन बाहेर काढला, आणि मी मालकांना फोन लावला तर पहिला प्रश्न, "किती जणं आहेत?" सासरे धरून पाच. "पाच म्हणजे जास्तच होतात हो." आता हे त्या माणसांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं, दुसरं कोणीतरी आधीच फायनल झालंय म्हणून. तिसऱ्या वेळी अडचण नॉनव्हेजची. प्रत्येक वेळी घर आवरायचं, चहा टाकायचा, खोटं बोलायचं. पाच आठवडे हेच.

शेवटी एक जोडपं पास झालं, पण बदली भाडेकरू म्हणजे आपल्या जागी कोणाला तरी आणून बसवलं असं होत नाही. लायसन्स आपल्या नावाचं असतं, ते दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. त्यामुळे नवीन अ‍ॅग्रीमेंट, परत अंगठे, परत पाव टक्का स्टँप ड्युटी, महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी, पोलिसांना कळवणं, सगळं पहिल्यापासून. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची, पण "सोडताय तुम्ही ना" म्हणून खर्च माझ्या गळ्यात. शिवाय आपलं डिपॉझिट कधी, तर नवीन माणसाचं आल्यावर. पाच आठवड्यांचं भाडं आणि हा खर्च धरून २५,००० च्या आसपास गेलेच, म्हणजे वाचले साधारण अकरा हजार.

कोथरूडला भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. लॉक-इनचा एकच महिना बाकी होता, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक ओळ होती की एक महिन्याची नोटीस लॉक-इन संपल्यावरच देता येईल, म्हणजे एक नाही, दोन महिने. ही ओळ सही करतानाच बघा, मी बघितली नव्हती. ह्यावेळी घरमालक काकांना भेटून सरळ सांगितलं की माणूस शोधायला मी थांबत नाही, काय ते कापून घ्या. थोडी घासाघीस होऊन दीड महिन्यावर जमलं. डिपॉझिटमधून ३६,००० भाड्याचे गेले, ६,००० रंगाचे गेले (रंग बराच बरा होता, पण असो), उरलेले ३३,००० आठवड्याभरात आले. ईमेलवर नोटीस, अ‍ॅग्रीमेंट अमुक तारखेला संपलं असं दोघांच्या सहीचं एक पान, वीज मीटरचा फोटो, किल्ल्या दिल्याची पोच. एका शनिवारी सगळं उरकलं.

पैशाने बघितलं तर वाकडचा व्यवहार स्वस्त पडला, हे मान्य. लॉक-इनचे पाच-सहा महिने बाकी असतील किंवा भाडं चाळीस-पन्नास हजार असेल, तर मीही बहुतेक माणूसच शोधेन, पण कोण चालेल आणि कोण नाही हे मालकांकडून आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेईन, आणि नंबर एजंटचा देईन. दोन महिन्यांपर्यंतचा प्रश्न असेल तर मला तरी पैसे भरून निघणं बरं वाटतं. तुमचे मालक समजूतदार असतील तर गोष्ट वेगळी.

वाकडच्या त्या जाहिरातीवरून अजून मधूनच फोन येतो, सेमी-फर्निश्ड आहे का म्हणून.