केळीच्या ट्रकला टायर कोणता: तापीकाठचा गारा, इंदूरचा डांबरी रस्ता आणि काश्मीरचा बर्फ

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा. या पट्ट्यातल्या केळीच्या गाडीकडून वर्षभरात तीन कामं होतात. पावसाळ्यात बागेच्या बांधापर्यंत काळ्या गाऱ्यातून, म्हणजे चिखलातून, जायचं, एरवी बऱ्हाणपूर-इंदूरवरून दिल्ली-पंजाबपर्यंत तापलेल्या डांबरावर धावायचं, आणि ज्यांचं भाडं श्रीनगरपर्यंत लागतं त्यांनी पौष-माघात बर्फही ओलांडायचा. परतीला सफरचंद मिळतं, म्हणून हे भाडं सोडवत नाही. मग दुकानात प्रश्न येतो: चिखल आणि बर्फ दोन्हींना चालेल, स्वस्त असेल आणि टिकेलही, असा टायर कोणता?

माझं मत आधीच सांगतो. टायर घ्यावा तो गारा आणि डांबर बघून. बर्फासाठी टायरवर चढवायची साखळी घ्यावी.

गारा आणि बर्फ उलट गोष्टी मागतात

तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत भरून जातात, आणि एकदा भरल्या की नवा टायरही नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरसारखाच जागेवर फिरतो. म्हणून चिखलाच्या टायरला रुंद, खोल आणि कडेला उघड्या खाचा लागतात. चाक फिरताना माती आपोआप बाहेर फेकली गेली पाहिजे.

बर्फात नेमकं उलट. दाबलेला बर्फ बर्फालाच धरतो, त्यामुळे खाचेत थोडा बर्फ अडकून राहिलेला बरा. शिवाय ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा हव्यात, कारण त्यांच्या कडा पकड देतात. रबरही वेगळं. तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की नेहमीचं रबर कडक व्हायला लागतं. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवतात. तेच मऊ रबर भुसावळच्या मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, भरल्या गाडीखाली झपाट्याने झिजतं. आपल्याकडे थंडीचे दिवस मोजके आणि उन्हाळा लांबलचक, हे लक्षात ठेवून हिशोब करा.

टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ ही अक्षरं दिसली की दुकानदार म्हणतो, ‘घ्या, चिखल आणि बर्फ दोन्हीचा आहे.’ ही अक्षरं कंपनी स्वतः नक्षीची ठेवण बघून छापते. त्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसत्या ‘एम+एस’ला हिवाळी टायर मानत नाहीत. म्हणून त्या दोन अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

रिब, लग आणि मिश्र नक्षी

उभ्या रेघांचा तो रिब, आडव्या जाड ठोकळ्यांचा तो लग. पुढच्या चाकांना रिबच. गाडी सरळ चालते, वळणावर चालकाचं ऐकते, पावसात रेघांमधून पाणी निघून जातं. पुढे लग लावून बिजासन घाट उतरणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तसं करायचं काहीएक कारण नाही.

खरी निवड ओढणाऱ्या मागच्या चाकांची. लगला खाच खोल असते, म्हणजे घासायला रबर जास्त आणि गाऱ्यात पकडही चांगली. नायलॉन धाग्यांच्या टायरांत एमआरएफचा सुपर लग किंवा अपोलोचा एक्सटी-7 आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतो तो याचमुळे. तोटा डांबरावर दिसतो. आवाज, तापणं, डिझेल जास्त, आणि हवा कमी-जास्त राहिली की ठोकळ्यांना पायऱ्या पडतात. मधे सलग पट्टे आणि कडेला ठोकळे अशी मिश्र नक्षी दोन्हीकडे बरी चालते. गाडी बहुतेक वेळ महामार्गावर आणि बागेत फक्त हंगामापुरती जात असेल, तर मी मागे मिश्र लावीन. रोज वाळू-मुरूम-ऊस असं काम असेल तर मात्र सरळ लग. ओढ नसलेल्या ॲक्सलला पुन्हा रिब पुरतो; तिथे लग लावणं म्हणजे डिझेल जाळणं.

आणि एक कडू गोष्ट. भरलेली गाडी काळ्या मातीत बसली की कोणतीही नक्षी तिला काढत नाही, ट्रॅक्टरच काढतो. ‘गाडी गारामा फसनी’ हा फोन टायर बदलून थांबत नाही. गाडी रस्त्यावर उभी ठेवून घड ट्रॅक्टरने आणणं किंवा बांधावर मुरूम टाकून घेणं, हा खर्च चार नव्या टायरांपेक्षा कमी असतो. चिखलात हवा कमी करायची युक्ती जीपला ठीक. भरलेल्या ट्रकची हवा उतरवली की बाजूची भिंत वाकून तापते आणि टायर आतून मरतो. बाहेरून काही दिसतही नाही.

नायलॉन की रेडियल

सगळ्यात जास्त वाद इथे होतो, आणि पैशाचा फरकही इथेच पडतो.

नायलॉनमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकावर एक. भिंत जाड होते, दगडाचा मार सोसते, थोडा जास्तीचा माल भरला तरी तक्रार करत नाही. किंमत कमी. पण थर एकमेकांवर घासत राहतात, म्हणून लांब पल्ल्यात टायर तापतो. रेडियलमध्ये तारा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. टायर थंड राहतो, जमिनीवर सपाट बसतो, हळू झिजतो, डिझेल वाचवतो. त्याची भिंत मात्र पातळ. बागेकडच्या वाटेवर टोकदार दगड किंवा तुटलेला खांब भिंतीला लागला की टायर गेला, आणि भिंतीच्या कापाला भरवशाची दुरुस्ती नाही.

आकडे मांडून बघू. हे मी हिशोबापुरते धरलेले आहेत, तुमच्या दुकानाचे भाव आणि तुमची वही काढून बदला. नायलॉन 18,000 रुपयांना, 60,000 किलोमीटर चालला: किलोमीटरला 30 पैसे. रेडियल 25,000 ला, 1,00,000 किलोमीटर: 25 पैसे. नायलॉनवर 5,500 खर्चून एकदा रबर चढवलं (झिजलेल्या टायरवर नवी नक्षी बसवली) आणि तो आणखी 40,000 गेला, तर 23.5 पैसे. रेडियलवर 7,000 प्रमाणे दोनदा रबर चढवून प्रत्येकी 60,000 मिळाले, तर साधारण 18 पैसे. इथपर्यंत रेडियल जिंकतो. पण तोच रेडियल 40,000 वर दगडाने फाटला तर 62.5 पैसे पडतो, आणि सगळं गणित बुडतं.

डिझेलचं वेगळं धरा. वर्षाला 1,00,000 किलोमीटर, लिटरला 4 चा ॲव्हरेज, म्हणजे 25,000 लिटर. सगळ्या चाकांना रेडियल लावून त्यात 3 टक्के वाचले तरी 750 लिटर झालं, लिटरला 90 धरले तर साडेसदुसष्ट हजार रुपये. एका गाडीचे. लांब पल्ल्याच्या गाडीला रेडियलच का घ्यावा हे यातून दिसतं. शहादा-धडगावच्या बाजूला घाटात, खडीच्या रस्त्यांवर, दिवसाला थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीला हा फायदा मिळत नाही. तिला नायलॉन लगच शोभतो.

एका ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. जोडीच्या दोन टायरांत एक नवा, एक झिजलेला असंही नको. उंच टायर एकटा ओझं उचलतो आणि तोच आधी फुटतो.

स्वस्त म्हणजे नेमकं काय

नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावपत्रकावर बोलणी करू नका. चिनी रेडियलचा जमाना मात्र ओसरला. 2017 मध्ये त्यांच्यावर अँटी-डंपिंग शुल्क (बाहेरचा माल पडत्या भावात ओतला जाऊ नये म्हणून लावतात ते) बसलं आणि जून 2020 मध्ये टायरची आयात मोकळ्या यादीतून काढून परवान्याखाली गेली. तरीही अनोळखी नावाचा टायर फार स्वस्तात कोणी देत असेल, तर बाजूवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 15636 हा क्रमांक शोधा. तो नसेल तर पुढे बोलूच नका.

टिकाऊपणा नक्षीपेक्षा खालच्या सांगाड्यात असतो. चांगल्या सांगाड्यावर दोनदा रबर चढतं, हलक्यावर एकदाही नीट चढत नाही. म्हणून चांगल्या कंपनीचा साधा टायर हा हलक्या कंपनीच्या भारी नक्षीच्या टायरपेक्षा स्वस्त पडतो. रबर चढवायला टायर गोटा होईपर्यंत थांबू नये. कायद्याची हद्द 1.6 मिलिमीटर आहे, पण सुमारे 3 मिलिमीटर उरले की काढा. सांगाडा शाबूत राहतो. गरम पद्धतीत साच्यात 150 अंशांच्या आसपास तापवतात. थंड पद्धतीत आधीच तापवून पक्की केलेली नक्षीची पट्टी सुमारे 100 अंशांवर चिकटवतात, त्यामुळे सांगाड्याला कमी त्रास होतो. रेडियलला मी थंडच करवून घेईन. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला कधीच नको.

बर्फाचं काय

जम्मू-श्रीनगर रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. चेनानी-नाशरी बोगदा (9 किलोमीटरहून जास्त, 2017) झाल्यावर पटनीटॉपचा चढ टळला. 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा वापरात आला आणि सुमारे 2,200 मीटरवरच्या जुन्या जवाहर बोगद्याऐवजी गाड्या 1,800 मीटरच्या खालून जाऊ लागल्या. बर्फाचा पट्टा आखडला. गाडी अडते ती बहुतेक वेळा दरडीमुळे आणि उधमपूरला थांबवल्यामुळे. हिवाळी टायर दरड हटवत नाही, आणि केळीचं पिकणंही थांबवत नाही.

राहिलेल्या काही तासांच्या बर्फासाठी साखळी. ती टायरच्या मापाचीच घ्यावी. लावायची ओढणाऱ्या ॲक्सलच्या चाकांना, म्हणजे जोडीतल्या बाहेरच्या टायरला. घरच्या अंगणात कोरड्यावर चढवून-उतरवून बघा. बोटं बधिर झाल्यावर शिकायची ही गोष्ट नाही. वेग तीस-चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर उघडं दिसलं की काढून टाका, नाहीतर साखळी आणि टायर दोन्ही जातात. लिफ्ट ॲक्सलची गाडी रिकामी परतत असेल तर ते ॲक्सल उचला, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन येतं. नक्षीत निदान अर्धी खोली शिल्लक असलेले टायरच त्या फेरीला पाठवा.

झोजिला, लेह असंच कायमचं काम असेल तर माझा सल्ला लागू नाही. तिथे शिखर-हिमकण चिन्हाचे टायर वेगळ्या रिमवर ठेवणं परवडतं.

पिकअपवाल्यांसाठी थोडक्यात

बोलेरो पिकअप किंवा तशा गाड्या बागेत आतपर्यंत जातात. पुढे रिब, मागे लग. बाकी हिशोब वरचाच.

दुकानात

बाजूवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर भाव पाडून मागा. तीन वर्षांचा असेल तर सोडा. नायलॉन असेल तर ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवी घ्या, जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फुटते. बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्या, कारण क्लेमच्या, म्हणजे टायर खराब निघाल्यावर कंपनीकडे भरपाई मागायच्या, वेळी तोच विचारतात. क्लेममध्ये पूर्ण टायर मिळत नाही, उरलेल्या खोलीच्या प्रमाणात पैसे वजा होतात. भिंत फाटणं किंवा कमी हवेवर चालवणं यात सहसा धरत नाहीत. हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या.