ऑक्सिजन सेन्सर: कपलरवाला घ्यायचा का वायर जोडायचा?

गाडीची चेक इंजिन लाईट लागली, ॲव्हरेज पडलं, सोलापूर-पुणे एका टाकीत व्हायचं ते टेंभुर्णीतच काटा खाली, आणि स्कॅनरवर पी०१३५ हा कोड, म्हणजे सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. आता दोन पर्याय. एक, आपल्याच मॉडेलचा कपलरवाला, म्हणजे वायरीला तयार प्लग असलेला, महाग पण खटकन बसतो. दुसरा युनिव्हर्सल, बराच स्वस्त, पण जुन्या सेन्सरचा कपलर कापून चार वायरी जोडायच्या, दोन हीटरच्या, एक सिग्नल, एक अर्थिंगची, आणि रंग कंपनीगणिक वेगळे.

मी आधी स्वस्तातलाच बसवला, सात रस्त्याजवळच्या गॅरेजात पोराने वायरी सोल्डर केल्या, तिथंच चुकलं बघा. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते, म्हणून क्रिंपच करायचं, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून पकडीने दाबायच्या. महिन्यात लाईट परत.

मग कपलरवाला आणला. इंजिन कोमट असताना २२ मिमीचा स्लॉटेड सॉकेट (वायर जायला खाच असलेला) लावला, जुना निघाला तर टोक काळंकुट्ट. ॲन्टी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नको.

क्रिंपिंगचा हात असेल तरच युनिव्हर्सल घ्या, नाहीतर मी तरी कपलरवालाच सांगेन.