‘स्वतःचं सॉफ्टवेअर’ म्हणून विकलं, ते निघालं फुकटचं

ऑनलाइन दुकानासाठी शॉपिंग कार्ट (साइटवर माल मांडून ऑर्डरी घेणारं सॉफ्टवेअर) कोणतं घ्यावं असं विचारलं की लोक दोनच गोष्टी बोलतात : महिन्याचा खर्च किती आणि साइट दिसते कशी. आमचे पैसे बुडाले ते तिसऱ्याच ठिकाणी.

मी आणि माझ्या जाऊबाई कांदा-लसूण मसाला करतो. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आवरेनात, तेव्हा ओळखीतून एक वेबसाइटवाला आला. शॉपिफाय या तयार ऑनलाइन दुकानाच्या सेवेला दर महिन्याला भाडं भरावं लागतं, हे त्यानं सांगितलं आणि ते खरंही आहे. त्याच्याकडे म्हणे कंपनीनं स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर होतं. एकदाच ४८,००० भरायचे, मग आयुष्यभर तुमचं. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), सगळं तोच बघणार. “ताई, तुम्ही फक्त मसाला कुटा.”

साइट झाली, चाललीही. पुढे पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, “अहो, तुमच्या मसाल्यावर बोट लावलं की रमीचा खेळ उघडतोय!” आमच्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. इथेच मेख होती. पैसे देऊन घ्यायची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, वेबसाइटवाल्यानं चोरीची, ‘नल्ड’ म्हणतात तसली, घातली होती. अशा थीममध्ये लपवलेला कोड बरेचदा फक्त मोबाइलवरून किंवा गूगलमधून येणाऱ्यालाच दुसरीकडे पळवतो. मालक कॉम्प्युटरवर साइट बघतो, त्याला काही कळत नाही.

भाच्यानं साइटवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडलं. ओळीओळीत ‘वूकॉमर्स’. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर बसणारं हे कार्ट २०११ पासून आहे आणि कुणालाही फुकट मिळतं. फुकटची वस्तू नीट बसवून देण्याचे पैसे घेतले तर त्यात काही गैर नाही. लायसन्सलाही ते चालतं. पण ‘आमचंच सॉफ्टवेअर’ हे खोटं कशासाठी, तर बिघडलं की दुसरा कुणी दुरुस्त करू शकेल हे गिऱ्हाइकाच्या डोक्यातच येऊ नये म्हणून. वूकॉमर्सचं काम करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. आम्हाला दिलेलं लॉगिन ‘शॉप मॅनेजर’चं होतं, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चं नव्हे. त्यात ऑर्डरी दिसतात, माल चढवता येतो. थीम आणि प्लगिन (साइटला जोडायच्या जादा सोयी) यांना मात्र हात लावता येत नाही.

हे झालं सॉफ्टवेअरचं. खरा घाव गेटवेचा. गेटवेचं खातं त्याच्या कंपनीच्या नावावर. आमचं पॅन कार्ड, रद्द केलेला चेक यानं कधी मागितलाच नव्हता. स्वतःचं खातं असेल तर ही कागदपत्रं लागतातच, आणि गिऱ्हाइकाचे पैसे साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत थेट आपल्या बँकेत येतात. आमचे पैसे आधी त्याच्याकडे जायचे आणि ‘महिनाअखेरीला सेटलमेंट’ व्हायची, तीही पाच टक्के कापून. गेटवेचा नेहमीचा दर दोन टक्क्यांच्या आसपास, आणि त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरींचा ढीग लागला आणि सेटलमेंट थांबली. मग निरोप आला : वार्षिक मेंटेनन्सचे २२,००० भरा, मग पैसे सोडतो. आमच्याच मसाल्याचे पैसे!

डोमेनही त्याच्याच खात्यात. हलवायचं तर रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून, ट्रान्सफर कोड लागतो आणि तो खातेदारालाच मिळतो. आम्ही पत्ता सोडून दिला. मालाची यादी शॉप मॅनेजरच्या लॉगिनमधूनही सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) उतरवून घेता येते, ती घेतली. गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते जाऊबाईंनी स्क्रीनवर बघून वहीत लिहिले. नवीन दुकानही वूकॉमर्सवरच आहे, पण डोमेन, होस्टिंग आणि गेटवे, तिन्हीला माझा ईमेल आणि माझाच मोबाइल. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही टाकला; छोट्या उद्योगाला ऑनलाइन भरलं तर एका वर्गाची फी ४,५०० आहे, मसाले तिसाव्या वर्गात येतात.

तुमच्याकडे असा कुणी आला तर बयाणा देण्याआधी एक रुपयाची वस्तू साइटवर लावायला सांगा आणि ती स्वतः विकत घ्या. बँकेच्या मेसेजमध्ये नाव कुणाचं येतं आणि तो रुपया तुमच्या खात्यात कधी उतरतो, बघा. टाळाटाळ झाली तर तिथेच उठा.

पोलिसांनी ‘व्यवहारातला वाद’ म्हणून हात वर केले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद केली आहे. वकिलाची नोटीस गेल्यावर निम्मे पैसे आले. बाकीच्यासाठी ग्राहक आयोगात जातोय. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार तिथे चालत नाही असं सगळे सांगतात, पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, आणि ती सेवेलाही लागू व्हावी यावरच आमचे वकील भर देणार आहेत.