कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या उजळणीसाठी मॉलिक्युलर मॉडेल किट: जूनपासून परीक्षेपर्यंतच्या वापरानंतर

फोंड्याला मी बारावीच्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते. गोवा बोर्डाला एनसीईआरटीचंच पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या भागातला शेवटचा धडा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा, म्हणजे मध्ये धातू आणि त्याभोवती जोडलेले रेणू किंवा आयन अशा संयुगांचा. गणितं चटाचट सोडवणारी मुलंसुद्धा इथे अडतात. रेणू डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय हा धडा कळत नाही, आणि पुस्तकाचं पान सपाट असतं. म्हणून गेल्या जूनमध्ये, वर्ग सुरू होतानाच, गोळे आणि काड्यांचं मॉडेल किट मागवलं. फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंत ते सतत वापरात होतं. घ्यावं का, असं पालक आणि ओळखीचे शिक्षक विचारत असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी खरेदीचं. बाजारातली बहुतेक किट ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसाठी बनवलेली असतात. त्यांत चार भोकांचे काळे कार्बन आणि पांढरे हायड्रोजन भरपूर, पण सहा भोकांचा गोळा एखादाच, कधी तर तोही नाही. या धड्याचा जीव मात्र त्या सहा भोकांच्या गोळ्यातच आहे, कारण मधला धातू म्हणून तोच लागतो. खोक्यावर एकूण नग किती ते मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. आतल्या यादीत सहा भोकांचे गोळे किती, ते वाचा. दोनपेक्षा कमी असतील तर या धड्यासाठी ते किट घेऊ नका, कारण ऑप्टिकल आयसोमर, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली रूपं, दाखवायला दोन पूर्ण मॉडेल शेजारी-शेजारी लागतात. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे वाकणाऱ्या लांब काड्या. माझ्या किटमधल्या तोकड्या होत्या. एथिलीनडायअमाइन हा धातूला दोन टोकांनी धरणारा रेणू, ज्याला मुलं नुसतं ‘एन’ म्हणतात, त्याची दोन टोकं धातूला जोडण्यासाठी आम्ही सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून वापरली. ती काड्यांवर घट्ट बसते आणि हवी तशी वळते. एनमधले दोन कार्बन आणि त्यांवरचे हायड्रोजन दरवेळी बांधत बसायची गरजच राहिली नाही.

आता मुख्य मुद्दा, आयसोमेरिझम: घटक तेच, पण मांडणी निराळी. किटचे पैसे इथेच वसूल होतात.

चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेला कोबाल्टचा कॉम्प्लेक्स (या धड्यातलं संयुग) घ्या. वहीवर मुलं याचे चार-पाच ‘वेगवेगळे’ आयसोमर काढतात, कारण वर-खाली आणि डावी-उजवी या जागा कागदावर निराळ्या दिसतात. किट हातात दिलं की मी काहीच सांगत नाही. पहिला हिरवा, म्हणजे क्लोरीनचा, गोळा कुठल्याही भोकात लावा, फरक पडत नाही. मग उरतात पाच भोकं: चार शेजारची, एक समोरचं. दुसरा क्लोरीन शेजारी बसेल किंवा समोर, तिसरी शक्यता नाही. कुर्टीहून येणारी एक मुलगी मॉडेल हातात फिरवत एकदम म्हणाली, “टीचर, ह्या चारी जागा एकच आहेत, फिरवलं की तेच होतं!” हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तिने पाठ केलं असतं, आणि आठवड्याने विसरलीही असती.

या संयुगांची रचना उलगडणाऱ्या आल्फ्रेड वेर्नर या रसायनशास्त्रज्ञाचं डोकं याच वाटेने चाललं होतं, आणि मला हा भाग शिकवताना दरवेळी आनंद होतो. १८९३ साली त्याने आपला सिद्धान्त मांडला तेव्हा रेणू बघायचं कुठलंही साधन नव्हतं. त्याने मोजले ते आयसोमर. सहा जागा सपाट षटकोनात असतील तर या संयुगाचे तीन आयसोमर व्हायला हवेत, त्रिकोणी प्रिझममध्ये असतील तरीही तीन, आणि ऑक्टाहेड्रल मांडणीत (वर, खाली आणि चार बाजूंना) दोनच. हाती आले ते दोनच, एक हिरवा आणि एक जांभळा. हिरवा तो ट्रान्स, म्हणजे दोन क्लोरीन समोरासमोर; जांभळा तो सिस, म्हणजे शेजारी-शेजारी. षटकोन आम्ही कागदावर काढला, प्रिझम पुठ्ठ्याचं केलं, ऑक्टाहेड्रल किटवर, आणि तिन्हींवर मुलांनी स्वतः मोजून पाहिलं. या कामासाठी वेर्नरला १९१३ साली नोबेल मिळालं, हे पुस्तकात असतंच. नोबेल कशाचं होतं, ते यानंतर मुलांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

तीन-तीनच्या जोडीचंही तसंच. तीन अमोनिया आणि तीन नायट्रो गट असतील तर फेशियल आणि मेरिडिओनल असे दोन प्रकार होतात. फेशियलमध्ये तिन्ही सारखे गोळे ऑक्टाहेड्रनच्या एका त्रिकोणी तोंडावर येतात, मेरिडिओनलमध्ये ते पोटाभोवती अर्ध्या वर्तुळात बसतात. बोटाने तो त्रिकोण गिरवला की झालं.

ऑप्टिकल आयसोमरसाठी सहा भोकांचे दोन गोळे, तीन-तीन नळ्या आणि भिंतीवरचा आरसा एवढं पुरतं. तीन एन असलेल्या कोबाल्टचं एक मॉडेल आरशासमोर धरायचं, आरशात दिसतं तसं दुसरं बांधायचं, मग एक दुसऱ्यावर बसवायचा प्रयत्न करायचा. बसत नाही. मुलं हट्टाने फिरवत राहतात, आणि त्यांना फिरवू द्यावं. नंतर दोन एन आणि दोन क्लोराइड असलेला घ्यायचा. ट्रान्स असेल तर आरशातलं रूप हुबेहूब मूळावर बसतं, सिस असेल तर बसत नाही. म्हणजे एकूण आयसोमर तीन: एक ट्रान्स आणि सिसची डावी-उजवी जोडी. ‘सिसच का ऑप्टिकली ॲक्टिव्ह?’ हा प्रश्न परीक्षांत पुन्हा पुन्हा येतो, आणि यावर्षी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने त्याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलं.

चार भोकांचा गोळा घेऊन टेट्राहेड्रलचं काम एका मिनिटात होतं. चारही जागा एकमेकींच्या शेजारी, समोरची जागाच नाही, म्हणून सिस-ट्रान्स नाही. स्क्वेअर प्लेनरसाठी सहा भोकांच्या गोळ्यात एका पातळीतली चारच भोकं वापरा. प्लॅटिनमचं सिसप्लॅटिन आम्ही असंच केलं. दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड, शेजारी-शेजारी बसले तर कॅन्सरवरचं औषध, समोरासमोर बसले तर औषध म्हणून तसा उपयोग नाही. १९६५ च्या सुमारास रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाला जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना प्लॅटिनमची संयुगं पेशींचं विभाजन रोखतात हे सापडलं आणि १९७८ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. एका गोळ्याची जागा बदलल्याने एवढा फरक पडतो हे कळल्यावर मुलं ‘सिस’ लिहिताना थांबून विचार करू लागली.

क्रिस्टल फील्ड थिअरीत किटचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं, पण झाला. ऑक्टाहेड्रल मॉडेल टेबलावर ठेवून सहा काड्यांना एक्स, वाय, झेड अक्ष म्हणायचं. धातूच्या पाच डी-ऑर्बिटलपैकी (इलेक्ट्रॉनच्या जागांपैकी) दोन नेमके काड्यांच्या दिशेने, म्हणजे लिगँडच्या (धातूला जोडलेल्या गटांच्या) तोंडावर येतात. उरलेले तीन काड्यांच्या मधल्या फटींत. ज्यांच्या तोंडावर लिगँड, त्यांची ऊर्जा वर जाणार: दोन वर, तीन खाली. या दोन पातळ्यांमधली फूट एक धरली तर वरचे ०.६ ने वर आणि खालचे ०.४ ने खाली, हा हिशेबही त्यावरून जुळवता येतो, कारण दोन गुणिले ०.६ आणि तीन गुणिले ०.४ सारखेच. टेट्राहेड्रलसाठी चौकोनी खोक्याचे एकाआड एक चार कोपरे लिगँड म्हणून दाखवा. तिथे कुठलाही ऑर्बिटल सरळ लिगँडच्या तोंडावर येत नाही. म्हणून क्रम उलटा आणि फूट कमी, ऑक्टाहेड्रलच्या चार-नवमांश. हा आकडा मात्र पाठच करावा लागतो.

कुठे उपयोग झाला नाही तेही लिहिते. नावं लिहिण्यात किट काडीचीही मदत करत नाही. लिगँड इंग्रजी वर्णक्रमाने लिहायचे, डाय-ट्राय हे उपसर्ग त्या क्रमात धरायचे नाहीत, कॉम्प्लेक्स ऋणभारित असेल तर धातूच्या नावाला ‘एट’, जुन्या गाईडमधलं ‘क्लोरो’ आता ‘क्लोरिडो’: हे सगळं रोज दोन-तीन नावं लिहूनच पक्कं होतं. स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज, म्हणजे ऊर्जेची फूट किती पाडतात त्या क्रमाने लिगँडची यादी, भिंतीवर लावावी. मॅग्नेटिक मोमेंटचं गणितही वहीवरच. एका अनपेअर्ड इलेक्ट्रॉनला १.७३, दोनांना २.८३, पाचांना ५.९२, हे आकडे मुलांनी स्वतः काढावेत. निकेलचे तीन कॉम्प्लेक्स, म्हणजे क्लोराइडचा, सायनाइडचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, आकाराने किटवर दाखवता येतात. पण सायनाइडचा स्क्वेअर प्लेनर डायमॅग्नेटिक (एकही अनपेअर्ड इलेक्ट्रॉन नसलेला) का, आणि टेट्राहेड्रल असूनही कार्बोनिलवाला डायमॅग्नेटिक का, हे समजायला इलेक्ट्रॉनच मांडावे लागतात.

प्रॅक्टिकलशी जोड मात्र छान लागली. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये निकेलला डायमिथाइलग्लायऑक्झाइम घातलं की लालभडक साका येतो. दोन लिगँड, चार नायट्रोजन, मध्ये निकेल, सगळं एका पातळीत: हे मॉडेल एका मुलाने प्रयोगशाळेतून आल्या-आल्या बांधलं. कॉपरच्या द्रावणात अमोनिया वाढवत गेल्यावर येणारा गर्द निळा रंग ते ‘कॉपरची कन्फर्मेटरी टेस्ट’ एवढ्यावरच ओळखत होते. तो याच धड्यातला कॉम्प्लेक्स आहे हे त्यांनी मग स्वतःहून जोडून घेतलं.

फोनवर फुकट मिळणारी थ्री-डी मॉडेल्स आहेतच की, असं पालक म्हणतात. ती मीही दाखवते. बोटाने रेणू फिरतो, सुंदर दिसतो. पण तो आधीच कुणीतरी बांधलेला असतो. दुसरा क्लोरीन कुठल्या भोकात घालायचा हा निर्णय मुलाला घ्यावा लागत नाही, आणि शिकणं त्या निर्णयातच आहे. शिवाय आमच्याकडे आषाढात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. किटला खिडकीतला उजेड पुरतो.

टिकाऊपणाबद्दल: गोळे जसेच्या तसे आहेत, पण काड्या सैल झाल्या. नोव्हेंबरपासून एनच्या मॉडेलमधली एखादी काडी मध्येच निसटू लागली. टोकाला सेलोटेपचा एक वेढा दिला की काम भागतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला श्रावणाआधीच बुरशी धरली, म्हणून सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात हलवलं. गोव्यात राहणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच हलवावं. चवथीच्या सुट्टीत किट आळीपाळीने मुलांच्या घरी दिलं होतं, तेव्हा धाकट्या भावंडांच्या हाती लागून काही हिरवे गोळे हरवले. सुटे गोळे मिळत नाहीत, हा मोठा तोटा. तेव्हापासून लाल गोळे क्लोरीन म्हणून वापरतो आणि ऑक्झिजन लागेल तिथे आधी बोलून ठरवतो.

वापरायची एक पद्धत मी कटाक्षाने पाळली आणि फरक तिनेच पडला. मॉडेल बांधून झालं की ते समोर ठेवून लगेच वहीत चित्र काढायचं, मग मॉडेल मोडून तेच चित्र न बघता पुन्हा काढायचं. पेपरात गोळे नेता येत नाहीत, तिथे पुढचं-मागचं दाखवायला पाचर आणि तुटक रेघाच काढायच्या असतात. नुसतं बांधून मोडणाऱ्या मुलांची चित्रं डिसेंबरच्या चाचणीतही वाकडीच येत होती. जानेवारीच्या उजळणीत आम्ही उलट केलं: मी चित्र द्यायचं, त्यांनी मॉडेल बांधायचं आणि ते कुठल्या आयसोमरचं आहे ते सांगायचं. तेव्हा बहुतेकांना किटची गरज उरली नव्हती. विचारलं तर डोळे मिटून हवेत बोटं फिरवत उत्तर देत होती.

एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलासाठी आख्खं किट घ्यायची गरज नाही. सहा भोकांचे दोन गोळे असलेला छोटा संच पुरतो, तोही दोघा-तिघा मित्रांनी मिळून घ्यावा. शिकवणी घेणाऱ्यांनी मात्र जरूर घ्या. येत्या जूनसाठी मी दुसरं किट मागवते आहे, यावेळी सहा भोकांचे गोळे आणि लांब वाकत्या काड्या जास्त असलेलं, म्हणजे वर्गातल्या दोन गटांना एकाच वेळी बांधता येईल.