सेल्युलर जेल, अंदमान: कोठडीच्या आधी मॉडेल बघा

अंदमानला गेलेला मराठी पर्यटक सेल्युलर जेलच्या दारातून आत शिरला की थेट सातव्या विंगचा तिसरा मजला गाठतो. सावरकरांची कोठडी, नमस्कार, फोटो, मग खाली फाशीघर, आणि तासाभरात बाहेर. श्रद्धा म्हणून यात काही गैर नाही. पण ही वास्तू स्वतःच शिक्षेचं हत्यार म्हणून बांधलेली होती आणि ते हत्यार कसं चालायचं हे या घाईत कळत नाही. गेल्या काही दशकांत तुरुंगांचा भूगोल ही अभ्यासाची वेगळी शाखा झाली आहे. भिंत, अंतर, नजर, आवाज आणि कैद्याची ने-आण यांतून शिक्षा कशी घडवली जाते, हे ती शाखा तपासते. हे स्मारक त्या चष्म्यातून पाहिलं तर काय हाती लागतं, याचं हे परीक्षण.

सुरुवात प्रवेशद्वाराजवळच्या संग्रहालयात करा. तिथे मूळ जेलचं मॉडेल आहे: मधे मनोरा आणि त्यातून फुटलेल्या सात तीनमजली विंग. त्यासमोर दहा मिनिटं थांबा, कारण बाहेर आता तीनच विंग उभ्या आहेत (१, ६ आणि ७) आणि तेवढ्यावरून आराखडा डोळ्यांसमोर येत नाही. १८९६ ते १९०६ या काळात हे बांधकाम झालं. १९४१च्या भूकंपाने इमारतीला धक्का बसला, जपानी ताब्यात दोन विंग गेल्या, स्वातंत्र्यानंतर आणखी दोन पाडल्या. जुन्या राजबंद्यांनी विरोध केला म्हणून उरलेलं वाचलं, आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी मोरारजी देसाईंच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक झालं. शेजारचं गोविंद वल्लभ पंत रुग्णालय जेलच्याच आवारात उभं आहे. कोणती विंग कुठवर जात होती हे जमिनीवर आखून दाखवायला फार खर्च आला नसता.

मॉडेलमध्ये एक गोष्ट नीट हेरा. प्रत्येक विंगच्या कोठड्यांची दारं पुढच्या विंगच्या पाठीकडे आहेत. त्यामुळे गजांतून बाहेर बघणाऱ्याला व्हरांडा, अंगण आणि समोरची आंधळी भिंत एवढंच दिसे, दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसत नसे. सहाव्या आणि सातव्या विंगच्या मधलं अंगण मनोऱ्यावरून पाहिलं की हे लगेच पटतं.

इथेच गाइडांची एक नेहमीची चूक होते. मनोऱ्यावरचा एक पहारेकरी सगळ्या कैद्यांवर नजर ठेवायचा, असं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमच्या १७९१च्या आदर्श तुरुंगाच्या कल्पनेत कोठड्या वर्तुळात असतात आणि मधला पहारेकरी थेट आत पाहतो. इथली रचना वेगळ्या घराण्यातली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या १८२९च्या तुरुंगाच्या वळणाची आहे, म्हणजे मधल्या केंद्रातून विंग फुटणारी. मनोऱ्यातून कोठडीच्या आतलं काही दिसत नाही, दिसतात ते व्हरांडे. सात विंग आणि तीन मजले म्हणजे एकवीस व्हरांडे, आणि त्या सगळ्यांची वाट मनोऱ्यातूनच जाते. पहारेकऱ्याने कैद्याला पाहणं हा इथला मुख्य हेतू नव्हता, कैद्यांनी एकमेकांना पाहू नये हा होता. गणेश आणि विनायक हे दोघे सावरकर बंधू एकाच जेलमध्ये असूनही त्यांची भेट लवकर होऊ शकली नाही, त्यामागे नियमांइतकाच हा आराखडाही होता. आवाज मात्र या आराखड्याला पुरता अडवता आला नाही. भिंतीवर ठोके देऊन राजबंदी निरोप पोचवत. या ठोक्यांची माहिती देणारा एखादा फलक व्हरांड्यात हवा होता.

आता कोठडी. माप साधारण साडेतेरा फूट गुणिले साडेसात फूट, म्हणजे जवळपास ९.४ चौरस मीटर. रिकाम्या कोठडीत उभं राहून बरेच जण म्हणतात, "एवढी काही लहान नाही." त्यांचं म्हणणं खरं आहे. केंद्राच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत एका कोठडीला ८.९२ चौरस मीटर सांगितलं आहे आणि बराकीत माणशी ३.७१. तेव्हा इथला छळ चौरस फुटांत शोधू नका. मागच्या भिंतीत खूप उंचावर असलेला झरोका बघा, त्यातून उजेड येतो पण बाहेरचं काही दिसत नाही. दाराचा अडसर बघा, त्याचं टोक बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत इतकं लांब जातं की गजांतून हात काढला तरी कुलपाला बोट लागत नाही. गर्दी नसेल तर तळमजल्यावरच्या एखाद्या कोठडीत पाच मिनिटं गप्प बसा. वरच्या मजल्यावर वारा आणि पर्यटक दोन्ही असल्यामुळे अंदाज चुकतो. आजच्या भारतीय तुरुंगांत दुखणं उलट आहे. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार क्षमतेच्या १३१.४ टक्के माणसं आत होती. तिथे शिक्षा गर्दीची आहे, इथे ती एकटेपणाची होती.

कामाच्या शेडमध्ये कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, आणि पुतळे ठेवले आहेत. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. सुमारे साडेतेरा किलो तेल, तेही बैलाच्या जागी माणूस जुंपून. हा विभाग चांगला जमला आहे.

स्मारकाची सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. सेल्युलर जेल हेच काळं पाणी, असा समज इथून पक्का होऊन माणूस बाहेर पडतो. पण अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली मार्च १८५८मध्ये, जेल उभं राहण्याच्या जवळपास अर्धशतक आधी. तोवर समुद्र हीच भिंत होती. पुढे हद्दपारीचा धाक उरला नाही असं १८९०च्या लायल-लेथब्रिज समितीला वाटलं आणि तिने कडक एकांताचा पहिला टप्पा सुचवला. त्यासाठी ही इमारत बांधली गेली. नेहमीच्या जन्मठेपेच्या कैद्याला नियमाप्रमाणे इथे सहा महिने, मग सामाईक तुरुंगात अठरा महिने, त्यानंतर बराकी आणि बाहेरची मजुरी, आणि दहा वर्षांनी तिकीट (तुरुंगाबाहेर राहण्याचा परवाना) मिळवून बेटावरच शेती-संसार. म्हणजे हे जेल एका लांब वाटेवरचं पहिलं ठाणं होतं. राजबंद्यांना ती वाट बहुधा बंद असायची आणि त्यांची शिक्षा वेगळी होती ती इथेच. आज अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणवणारी कुटुंबं याच वाटेवरून आलेल्या कैद्यांची वंशज आहेत. त्यांचा उल्लेख स्मारकात ठळक हवा.

संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम भावनेला हात घालतो. १९३३च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र यांचे प्राण गेले, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तो जरूर पाहावा. इमारत समजून घ्यायला मात्र त्याचा उपयोग नाही, आणि आधी दिवसा आत फिरला नसाल तर दिवे नक्की कशावर पडताहेत तेही कळणार नाही.

क्रम असा ठेवा: मॉडेल, मनोरा, सहाव्या-सातव्या विंगमधलं अंगण, तळमजल्याची कोठडी, मग सावरकरांची कोठडी, शेड आणि फाशीघर. दोन तास हाताशी असू द्या. सकाळी दार उघडताच गेलात तर टूरचे जथे यायच्या आत मनोरा उरकतो. वर गच्चीवरून रॉस बेट (२०१८पासून नेताजी सुभाषचंद्र बोस बेट) दिसतं, ब्रिटिश अधिकारी तिथे राहत. त्याच दिवशी बोटीने तिकडे जा. वेळ उरला तर व्हायपर बेटही करा, तिथे आधीचा बेडीवाल्यांचा तुरुंग होता आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अली आफ्रिदीला तिथेच फाशी दिली. मात्र तिथे बोट थांबते की नुसती वळसा घालून परतते, हे तिकीट काढण्यापूर्वी धक्क्यावर विचारून घ्या.