ग्रिफीचं 1989चं अपर डेक कार्ड: बंद खोका, सुटं की स्लॅबमधलं?

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 90च्या सुरुवातीला अमेरिकेत बेसबॉल कार्डांची छपाई एवढी बेसुमार झाली की त्या काळाला 'जंक वॅक्स' (मेणकागदी पाकिटांतली रद्दी) हेच नाव चिकटलं. त्या काळातलं रूकी कार्ड (खेळाडूचं पहिल्या मोसमातलं कार्ड) नुसतं जवळ असण्याला फारसा भाव नाही. भाव मिळतो तो कार्डाच्या अवस्थेला. बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं अपर डेक कंपनीचं क्रमांक 1चं कार्ड घेताना हे आधी ध्यानात ठेवा. (फोटोतली टोपी मुळात मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघाची, ती रंगवून सिएटल मरिनर्स या मुख्य संघाची केलेली आहे.)

बंद खोक्याचा मोह सगळ्यांत मोठा, पण हिशेब करून बघा. सुरुवातीच्या मालिकेच्या खोक्यात 36 पाकिटं, प्रत्येकात 15 कार्डं, म्हणजे एकूण 540. मालिका मात्र 700 कार्डांची. सरासरी एका खोक्याला एक ग्रिफीही पडत नाही. खोका दमट तळघरात राहिला असेल तर चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटलेली निघतात आणि सोडवताना पृष्ठभाग उचकटतो. पाकिटं फोडायची मजा हवी असेल तरच घ्या.

सुटं कार्ड स्वस्त पडतं, पण इथेच माणसं फसतात. पीएसए ही कंपनी कार्ड तपासून 1 ते 10 अशी ग्रेड देते आणि ते स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालते. तिने या कार्डाच्या लाखाहून जास्त प्रती तपासल्या आहेत. त्यांत 10 ग्रेड मिळालेल्या शंभरात चार-पाच. शिवाय विकणाऱ्याने चांगली वाटली ती आधीच तपासणीला पाठवलेली असतात, उरलेली तुमच्यापुढे येतात. घ्यायचंच तर डावी-उजवी पांढरी कड मोजा: दोन्ही मिळून समजा 6 मिमी भरल्या, तर रुंद बाजू 3.3 मिमीच्या वर नको, कारण 10साठी 55/45च्या आसपास सेंटरिंग (दोन्ही बाजूंच्या कडांचं प्रमाण) लागतं. चारही कोपरे 10 पटींच्या भिंगाखाली बघा. छपाईच्या तावात हे कार्ड कोपऱ्यावर होतं, त्यामुळे पाकिटातून थेट काढलेल्याचाही कोपरा दबलेला सापडतो. त्याच भिंगाने काळी अक्षरं तपासा. ती सलग शाईची नसून ठिपक्यांची दिसली तर कार्ड नकली समजा. तपासणीची फी 8 ग्रेड आला तरी तेवढीच, वर टपाल आणि विमा. 8 आला की बहुतेक वेळा तो खर्च अंगावर पडतो.

म्हणून संग्रहात एकच ग्रिफी हवा असेल तर स्लॅबमधला 9 घ्यावा, असं आमचं मत. नुसत्या डोळ्यांना 9 आणि 10 मधला फरक क्वचितच दिसतो, किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असतो. भाव बघताना ईबेवर 'सोल्ड' निवडून खरोखर झालेले व्यवहार पाहा. विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे त्याची इच्छा. पैसे देण्याआधी स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाका. तिथे फोटो असेल तर कडांची रुंदी आणि छपाईतले बारीक डाग हातातल्या कार्डाशी जुळवा, कारण नकली स्लॅबवरही क्रमांक बहुधा खऱ्या कार्डाचाच छापतात.